पिलांच्या खाद्यातले सॅकरिन जाते कुठे?

प्रश्न : युरोपात डुकरांच्या पिलांच्या खाद्यात सॅकरिन घालत असत आणि ते पुढे भूजलात सापडले, असे वाचनात आले. जनावराला कृत्रिम गोडाची गरज काय? आमच्या म्हशींच्या गोळीपेंडीला येणारा गोड वास त्यातलाच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. गोळीपेंडीचा तो वास बहुधा साखर कारखान्यातल्या मळीचा असतो. गोळी नीट बांधली जावी आणि जनावराने ती आवडीने खावी म्हणून मळी मिसळतात. तिच्यात खरी साखर असल्यामुळे ती म्हशीच्या पोटातच जिरते.

सॅकरिनचे तसे नाही. युरोपातील वराहपालनात पिलाला साधारण चार आठवड्यांचे असताना आईच्या दुधावरून तोडतात. कालपर्यंत कोमट दूध ओढणारे पिलू समोरचे कोरडे खाद्य हुंगते, तोंड फिरवते आणि उपाशी राहते. मग वाढ खुंटते, हगवण लागते. हे चार दिवस निभावून नेण्यासाठी खाद्यात सॅकरिन घालत (युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला परवानगी नाकारली) किंवा कडू संत्र्याच्या सालीतील द्रव्यापासून बनवलेले निओहेस्पेरिडिन डायहायड्रोचाल्कोन हे गोड द्रव्य घालतात. (कोणताही गोडवा चालत नाही, ही यातली गंमत: ॲस्पार्टेम डुकराला गोड लागतच नाही, आणि कोंबडीकडे तर गोड ओळखणारे एक आवश्यक जनुकच नसते.)

सॅकरिन शरीरात मोडत नाही. ते बहुतांशी जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते आणि गोठ्याखालच्या मलमूत्राच्या हौदात, म्हणजे स्लरीत, साठते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डुकरांच्या स्लरीत लिटरमागे १२ मिलिग्रॅमपर्यंत सॅकरिन आढळले, आणि दोन महिने साठवूनही ते टिकून राहिले. माणसांच्या सांडपाण्यातले सॅकरिन शुद्धीकरण केंद्रातील जिवाणू बरेचसे फस्त करतात. स्लरी मात्र अशा कोणत्याही केंद्रातून न जाता थेट शेतात पडते. मोकळ्या, हवेशीर मातीत ते काही दिवसांतच विघटित होते, पण मातीच्या कणांना ते फारसे चिकटत नसल्याने त्याआधी जोराचा पाऊस झाला तर पाण्याबरोबर खाली उतरते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१८ मध्ये याच कारणासाठी भूजलाबद्दल चिंता व्यक्त केली होती. इतक्या सूक्ष्म प्रमाणातले सॅकरिन पिणाऱ्याला विषारी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तरीही पिलाची भूक जागवण्यासाठी घातलेले रसायन विहिरीत उतरावे, हे मला पटत नाही.

मात्र विहिरीत सॅकरिन सापडले म्हणून लगेच डुकरांवर खापर फोडू नये. मेटसल्फ्युरॉन मिथाईलसारख्या काही तणनाशकांचे मातीत विघटन होतानाही सॅकरिनच तयार होते, आणि हे तणनाशक आपल्याकडेही गव्हातल्या रुंद पानांच्या तणांवर फवारतात.