आधी "कुठे?" विचार

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, राग आला होता म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. भिकारी म्हणून आजीला गाडीने उचललं, तू स्वीकार केंद्रात, पकडलेल्यांना ठेवतात तिथे, जाऊन तिला बघून आलीस आणि आता म्हणतेस ताई, निदान दोन वेळचं जेवण तरी मिळतंय तिला, आपण सोडवतोय ते बरोबर आहे ना? अगं, दार आतून उघडता येत नाही तिथलं. हे तुला मी सांगायचं?

१९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा परत एकदा वाच. हात पसरलाच पाहिजे असं नाहीये त्यात, पोट भरायचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर अशा अवस्थेत आहे की भिकेवर जगत असेल असं वाटतं, एवढं पुरतं. वॉरंट नको. पहिल्यांदा वर्ष ते तीन वर्षं, परत परत सापडलं तर दहापर्यंत. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये यातली शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती, आपल्याकडे कायदा चालूच आहे.

आणि आजी काय करत होती? लसूण सोलून देत होती बाजारात. ज्याला घर नाही त्याचं काम कुणाला दिसतच नाही.

म्हणून सांगते, रस्त्यावरच्या माणसांना कुणीही "हटवा" म्हणालं की पहिला प्रश्न "कुठे?" लेखी विचारायचा, पोच घ्यायची. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, म्हणजे मुंबईच्या फूटपाथवाल्यांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, माणसं फूटपाथवर राहतात कारण काम तिथे जवळ असतं. तरी हटवायची मुभा दिलीच. "कुठे" तेव्हाही अर्धंच राहिलं, आणि आपण सगळे नुसतं पहिलं अर्धं वाक्य मिरवत राहिलो, मी पण.

माझं सांगते. नव्वदच्या दशकात एका साहेबाने तोंडी शब्द दिला, दोन दिवस बाजूला व्हा, यादीत नावं राहतील. मी स्वतः घरोघरी जाऊन बायकांना समजावलं. गाडी आली, पेट्या गेल्या, पेट्यांबरोबर रेशनकार्ड गेली, आणि सर्वेवाले आले तेव्हा जागेवर कुणीच नाही. पुढे बदली घर हवं तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा दाखवा म्हणाले तेव्हा आणायचा कुठून? अपात्र. उचलणं आणि घर नाकारणं ही दोन वेगळी खाती नाहीत गं, एकाने कागद जातात आणि दुसरं तेच कागद मागतं. लोक म्हणतात तुला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. खरंच नव्हता, मारामारी झाली असती, लेकरं होती सोबत. पण "कुठे" विचारायला मार्ग लागत नव्हता, तोंड लागत होतं.

निवारे मागू नकोस असं नाही म्हणत. सुप्रीम कोर्टाने शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा सांगितलाय, तो मागायचाच. पण रात्रीची गादी मिळाली की "कुठे" संपला असं धरू नकोस.

तू वैतागलीस, ते ठीक आहे. जेवून घे वेळेवर.

आजीच्या कोर्टाच्या तारखेला मी येते. समज देऊन हमीवर सोडायची तरतूद आहे त्या कायद्यात, तेवढा अर्ज तयार ठेव, लसणाच्या व्यापाऱ्याकडून दोन ओळी लिहून आण. तिचा बोचका कुणाकडे आहे ते आजच शोध, आत आधार कार्ड असेल. झेरॉक्स दोन काढ, एक माझ्याकडे दे.

ताई