भाड्यातून घर घेताय? आधी हे पाहा

भाऊ, भाडं भरता भरता घर आपलं होतं, हे ऐकायला बरं वाटतं. पण सही करण्याआधी घर खरंच ते देणाऱ्या कंपनीच्या नावावर आहे का ते पाहा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) बघा, शेतजमिनीवर असेल तर सातबारा आणि जमीन अकृषक, म्हणजे बिगरशेती झाल्याचा कागद. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की थांबा. तशी जमीन सहसा सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद आहे का तेही बघा.

खरा घोर हप्त्याचा. आपल्याकडे पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन-कापूस विकला की येतो. जून-जुलैत सगळं बियाण्या-खतात जातं. तेव्हा एखादं भाडं थकलं तर सुरुवातीला दिलेली रक्कम जप्त होते का, हे विचाराच. हंगाम निघाल्यावर भरायची सवलत करारातच लिहून मागा. कंपनी नाही म्हणाली तर मी तरी पुढे जा म्हणणार नाही. भाड्यातले किती रुपये किमतीत धरणार, किंमत आजच पक्की का, तेही लेखी. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. "नोटरी पुरे" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.