डाग पुसू नका
हातकामाच्या जुन्या पुस्तकांबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पैठणहून एक ताई लिहितात : काका, माझे आजेसासरे रंगारी होते. माळ्यावरच्या पेटीत त्यांचं रंगाईचं एक छापील पुस्तक निघालं, शके १८२९ चं. सोबत त्यांच्या हातची मोडीतली वही आहे. पुस्तकावर लाल-पिवळे डाग आहेत, कडेला शाईनं काहीबाही लिहिलंय. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दाखवलं तर म्हणाले, "डागाळलंय, दोनशेच्या वर देणार नाही." खरी किंमत काय? भाचा म्हणतो, नवी बांधणी करून घ्या, भाव वाढेल. परदेशातले दीर वही पाठवा म्हणतात. पाठवू का?

ताई, सगळ्यात आधी भाच्याला आवरा.

शके १८२९ मध्ये ७८ मिळवा, म्हणजे १९०७-०८ सालचं पुस्तक. शंभरी कधीच ओलांडलीय, पण नुसत्या वयाला फार भाव नसतो. तेवढ्याच वयाच्या आरत्यांच्या, स्तोत्रांच्या चोपड्या गठ्ठ्यानं मिळतात. हातकामाची पुस्तकं मुळातच कमी उरली, कारण ती कपाटात राहिलीच नाहीत. भट्टीपाशी, मागाच्या खड्ड्याशेजारी ओल्या हातानं उघडली आणि झिजून गेली. कादंबरीवर चहा सांडला तर भाव उतरणारच. रंगाईच्या पुस्तकावर रंगाचा डाग म्हणजे त्या पानावरची कृती कुणीतरी खरंच करून पाहिली होती.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी शहागंजात माझं बांधणीचं दुकान नवंनवं होतं. एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं असंच खिळखिळं पुस्तक आणून दिलं. मी जुनी शिवण सोडली, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सरळ केले, नवी शिवण घातली, पुठ्ठ्यावर लाल कापड चढवलं आणि सवयीप्रमाणे कटिंग मशीनखाली घालून तिन्ही कडा साफ केल्या. पुस्तक नवरीसारखं दिसू लागलं. बाबा आले, त्यांनी थेट कुसुंब्याचं पान काढलं. समासात त्यांच्या हातचं जे लिहिलेलं होतं, त्यातलं "लिं" एवढंच उरलं होतं.

कुसुंबा म्हणजे करडईचं फूल. आता आपण करडई तेलापुरतीच ओळखतो आणि कोवळी असताना भाजीपुरती, पण एकेकाळी ते फूल रंगाऱ्याचं होतं. त्यात दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात सुटतो, तो धुऊन टाकायचा. लाल पाण्याला दाद देत नाही, तो खाराच्या, म्हणजे सोड्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात उतरतो. मग त्यात लिंबू पिळून आंबटपणा आणला की लाली कापडाला धरते. छापील कृतीत लिंबाचा रस "पुरेसा" घाला, एवढंच होतं. पुरेसा म्हणजे किती, ते बाबांनी हात पोळून ठरवलं होतं आणि समासात मांडलं होतं. कातरणाची पाटी मी पालथी घातली, ती पट्टी काही सापडली नाही. मजुरी घेतली नाही. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पुस्तक पिशवीत घातलं आणि गेले.

तेव्हा कडा कापू नका, डाग पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. शिवण सुटलीच असेल तर बांधणाऱ्याकडून फक्त शिवून घ्या आणि समोर बसून राहा.

आता किंमत. पहिल्यांदा पानं मोजा, अनुक्रमणिकेशी ताडा. मोठ्या ग्रंथालयात शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहायला मिळते. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ मधल्या पुस्तकांचा आहे, त्यात तुमचं पुस्तक शोधा. आर्काइव्ह डॉट ऑर्गवरही बघा. तिथे स्कॅन सापडलं तर मजकुराची दुर्मिळाई संपली, पण समासातलं लिखाण तुमच्याच प्रतीत. अशा लिहिलेल्या प्रतीला मी मागच्या वर्षी अडीच हजार मोजले. समास कोरे असते तर पाचशेही दिले नसते. दोनशे हा रद्दीपेक्षा थोडा बरा भाव झाला.

वहीत कुठे रंगवलेल्या सुताचे तुकडे टाचलेले, चिकटवलेले आहेत का? असतील तर हात लावू नका. फोर्ब्स वॉटसन नावाच्या साहेबानं १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत बांधले, ते खंड आजही जपले जातात ते त्या तुकड्यांसाठी. तुमच्या वहीचंही तसंच समजा. मोडी वाचणारा गाठा आणि वजनं जशीच्या तशी उतरवून घ्या. तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा. हिशेब नंतर करता येतो.

दिरांना फोटो पाठवा, वही नको. ७५ वर्षांपुढची, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती कुणालाही आपल्या मनानं देशाबाहेर धाडता येत नाहीत. आणि वही विकायचीच झाली, तरी आधी पानन् पान उतरवून घ्या. पैठणात माग अजून चालतात. सूत रंगवणाऱ्या एखाद्याला ती दाखवा, तो तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त सांगेल.

हिंगोलीहून एक टेलरदादा : वडिलांचं उर्दूतलं कपडे बेतण्याचं पुस्तक आहे. त्यावर "१३४६ फ." आणि "सव्वा रुपया हाली" असं आहे. हे साल कोणतं?

फसली, दादा. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज त्याच सनावर चाले. ५९० मिळवा, १९३६ येईल. वर्ष आजूर महिन्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून जानेवारीनंतर छापलेलं असेल तर १९३७ धरा. हाली म्हणजे निजामाचा रुपया, इंग्रजांचा तो कलदार. सात हालीचे सहा कलदार. बेतण्याच्या पुस्तकात जीव असतो तो घडी घालून चिकटवलेल्या मोठ्या कागदांत. लोक ते फाडून भिंतीला लावत. तुमच्यातले सगळे शाबूत असतील तर चांगला भाव मागा. एकही नसेल तर ठेवून द्या, वडिलांचं आहे.

उदगीरहून : पुस्तकांना कसर लागलीय. उन्हात टाकू का? डांबरगोळ्या चालतील?

ऊन नको, मराठवाड्याचं तर नकोच. कागद पापडासारखा तडकतो. सावलीत, वाऱ्यावर पानं उघडून ठेवा, मऊ कुंचल्यानं शिवणीपर्यंत झाडा. लागलेली पुस्तकं बाकीच्यांपासून वेगळी काढा. डांबरगोळ्यांचा वास घरच्यांच्या डोक्यात जातो, मी वापरत नाही. सुती पुरचुंडीत वेखंड बांधून कपाटात ठेवा. अख्खं घ्या, पूड पानांत शिरते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळलेला, ओल्या पाल्यानं बुरशी येते.