आईचं वय ६८, रात्र रात्र झोप नाही, गोळी नको म्हणते. काय करता येईल?

गोळी नको हे आईंचं म्हणणं बरोबरच आहे, या वयात झोपेच्या गोळीच्या गुंगीत बाथरूमला उठलं की तोल जाऊन खुबा मोडायची भीती असते. फक्त आधीपासून रोज घेत असतील तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी लागते.

आमच्याकडे सासूबाईंचं सेम होतं. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. त्या साडेनवालाच आडव्या व्हायच्या, दोनला टक्क जाग्या, मग सहापर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर, आणि वर दुपारची १ ते ४ आहेच, ती पुण्यात कोण सोडणार! म्हणजे पलंगावर अकरा-साडेअकरा तास आणि झोप जेमतेम पाच-साडेपाच. डॉक्टरांनी आधी वहीत हे लिहून काढायला लावलं आणि मग उलटंच सांगितलं, की झोप येत नाही ना, मग पलंगावरचा वेळ कमी करा. बारा ते सहा, बस. उठायची वेळ कायम तीच, रात्र कशीही गेली तरी. हा सीबीटी-आय (म्हणजे झोपेच्या सवयी आणि त्याबद्दलचे विचार बदलायचा, गोळीशिवायचा उपचार) याचाच भाग, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच करा असं सांगितलंय. पलंगावरच्या वेळातला साधारण ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र जायचं नाही.

सुरुवातीला जाम जड जातं, खोटं कशाला सांगू. सिरियल संपल्यावर बारापर्यंत करायचं काय हाच मोठा प्रश्न, त्यात चिडचिड, दिवसा पेंग. आम्ही त्यांना मेथी निवडायला, लसूण सोलायला बसवायचो 😄

दुसरं म्हणजे वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसायचं, मंद दिवा, जपमाळ किंवा जुना दिवाळी अंक, डोळे जड झाले की परत आत. खोलीतलं घड्याळ काढूनच टाका, किती वाजले हे बघून झोप अजून उडते. सकाळी उन्हात फिरणं, शेवटचा चहा दुपारी, डुलकी अर्धा तास आणि तीही तीनच्या आत. हळदीचं दूध वगैरे प्यायचं तर प्या, पण रात्री ग्लासभर प्यायलं की बाथरूमची फेरी वाढते एवढंच.

हे सुरू करायच्या आधी एकदा दाखवून घ्या हं. जोरात घोरतात का (पाळी गेल्यावर बायकांमध्ये झोपेत श्वास अडकायचं प्रमाण वाढतं), रात्री पाय शिवशिवतात का, तसं असेल तर लोह तपासा, बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतायत का, मन उदास असतं का. आणि फिट्स येत असतील किंवा आत्ताच चालताना तोल जात असेल तर झोपेचे तास कमी करायचा प्रकार घरच्या घरी नको.