बेलआउटचा हिशोब धापेवर करा

प्रश्न : आप्पा, मी चोपड्याचा. चार वर्षांपासून अंदमानात डाइव्हमास्टर आहे. मागच्या वर्षी रीब्रीदर घेतला, ४० मीटरपर्यंतचं शिक्षण झालं. आता रीतसर कोर्स करून ६० मीटरला जायचा विचार आहे. माझा श्वास मिनिटाला २० लिटर. त्या हिशोबाने तळासाठी ११ लिटरचा एकच बेलआउट सिलिंडर पुरतो. कमी पडलंच तर जोडीदाराकडे आहेच. बरोबर ना?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, नाही. तुमचं गणित चुकलेलं नाही, पण ते शांत बसलेल्या माणसाचं आहे. बेलआउट लागतं तेव्हा तो माणूस तिथे नसतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रीब्रीदरमध्ये आपलाच श्वास फिरत राहतो. सोडा लाइमचे दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि खर्ची पडलेला ऑक्सिजन यंत्र भरून काढतं. यंत्र बिघडलं तर अंगावरच्या साध्या सिलिंडरवर श्वास घेत वर यायचं. हेच बेलआउट.

माझं स्वतःचं सांगतो. ४८ मीटरवर होतो. कॅनिस्टर, म्हणजे सोडा लाइमचा डबा, मीच घाईत भरलेलं, दाणे ठोकून नीट बसवले नव्हते, त्यामुळे कडेने वायूला वाट मिळाली. आधी डोकं जड झालं, मग धाप लागली. ऑक्सिजनच्या तिन्ही सेन्सरचे आकडे मात्र चोख! लहानपणी आमच्या यावलकडच्या विहिरीत गाळ काढायच्या आधी आजोबा कंदील सोडायचे. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. पण तो कंदील ऑक्सिजनचंच सांगायचा, आणि माझा मीटरही तेवढंच सांगत होता. मला मारायला निघालेला वायू त्याला दिसतच नव्हता.

आणि धाप कशी होती? एक माउथपीस काढून दुसरा तोंडात घालावा एवढी फटसुद्धा दोन श्वासांत उरली नव्हती. माझ्या माउथपीसलाच बेलआउटचा झडप-खटका होता म्हणून वाचलो. खटका फिरवला, तरी धाप लगेच उतरली नाही. गेज पाहिला तेव्हा तीन मिनिटांत सिलिंडरातल्या दाबाचे ७० बार गेले होते. माझ्या सिलिंडरावरून मांडलं तर मिनिटाला ४० लिटरच्या वरच श्वास निघतो.

आता तुमचे ६० मीटर. तिथे दाब ७ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या सातपट, आणि वायूही तितक्याच पट लागतो. तीन मिनिटं सावरायला धरली तर ४० गुणिले ७ गुणिले ३, म्हणजे ८४० लिटर. मिनिटाला ९ मीटरने २१ मीटरपर्यंत, म्हणजे पुढचा सिलिंडर घेता येईल तिथपर्यंत, यायला ४.३ मिनिटं, सरासरी दाब ५ बार, म्हणजे आणखी ८६०. झाले १७००. त्याहून खोल कुठे शरीरातला वायू निघून जायला एखादा थांबा घ्यावा लागला तर तो वेगळा. तुमच्या सिलिंडरात २०० बारला २२०० लिटर मावतात. ५० बार शिल्लक ठेवले तर वापरायला १६५०. म्हणजे २१ मीटर गाठण्याआधीच तुम्ही राखीव साठ्याला हात घातलेला असतो. हाच हिशोब २० लिटरने केला की ८५० येतात, आणि माणूस निर्धास्त होतो.

म्हणून तळासाठी दोन सिलिंडर घ्या आणि २१ मीटरपासून वर ५० टक्के ऑक्सिजनचा तिसरा. तळाचं मिश्रण १८/४५, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम, चालेल. साधी हवा मात्र तिथे नको. ६० मीटरवर ती इतकी दाट होते की दम लागलेल्याला ओढवत नाही. सिलिंडरांवर दोन्ही बाजूंनी, तो जिथपर्यंत वापरायचा त्या खोलीचा आकडा वीतभर मोठा लिहा. ५० टक्क्यांच्या सिलिंडरचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचा तोंडाचा भाग, चुकून ६० मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा दाब साडेतीन बार होतो. एवढ्या ऑक्सिजनने पाण्यात फेफरं आलं की संपलं.

जोडीदाराच्या भरवशाबद्दल माझं मत कडक आहे. अंधारात, गढूळ पाण्यात तो दहा मीटरवर असला तरी धापेतल्या माणसाला ते दहा कोस आहेत. ज्याचं त्याने अंगावर न्यावं. तीन सिलिंडर पेलत नसतील तर खोली कमी करा.

आणि गॅस भरपूर असला म्हणजे झालं असंही नाही. २००५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगॅट या पाण्याने भरलेल्या खोल गुहेत रीब्रीदर घेऊन डेव्हिड शॉ २७० मीटरवर गेले, ते तिथे राहिलेल्या एका डायव्हरचा मृतदेह आणायला. दोर-कात्रीच्या झटापटीत श्वास वाढला, कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि ते परतले नाहीत. संशय आला की त्याच श्वासाला खटका फिरवायचा. कारण वर येताना शोधता येतं. घरी खुर्चीत बसून, डोळे बांधून, रोज वीस वेळा हात त्या खटक्यावर न्या.

प्रश्न : वापरलेला सोडा लाइम रात्रभर ठेवला की जांभळेपणा जाऊन पुन्हा पांढरा दिसतो. मग परत भरावा का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : मुळीच नाही. रंग परततो, ताकद परतत नाही. आतल्या चुन्याची खडू-माती झालेली असते. टाकून द्या, आणि केळीच्या बुडाशीही ओतू नका, त्यात थोडा कॉस्टिक सोडा उरलेला असतो.