मेन चावी अर्धी बंद करून दाब उतरत नाही

प्रश्न : रंकाळ्याजवळ आठ मजली इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. सहा महिन्यांत बेसिनखालचे दोन कनेक्शन पाईप रात्री फुटले. नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन आवाज होतो, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो. मेन चावी अर्धी बंद करून घेतली, तरी फरक नाही. काय करावे?
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ताई, अर्धी चावी बंद केली की धार बारीक होते, तीही नळ चालू असेपर्यंतच. सगळे नळ मिटले की दाब पुन्हा होता तेवढा. म्हणून तर पाईप रात्री फुटतात. राजारामपुरीतल्या एका घरी मी वॉशिंग मशीनच्या नळाला प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारे काट्याचे मीटर, लावून हे दाखवले होते. दुसरा नळ उघडला तेव्हा काटा खाली आला, बंद केल्यावर बघता बघता जागेवर गेला.

तुम्हीही आधी गेज लावा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, दाब धरतात. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून पंचवीस मीटर वर असेल, तर अडीच किलो आले. चांगला कनेक्शन पाईप एवढ्याने फुटत नाही. माझा संशय प्रेशर पंपावर आहे. वरच्या मजल्यांना धार मिळावी म्हणून तो बसवतात आणि खालच्यांची लाईनही त्यालाच जोडून टाकतात. मग पंपाचा दाब उंचीच्या दाबावर चढतो. पंप बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा काटा बघा. काटा चांगलाच वर गेला, तर खालच्या मजल्यांची लाईन थेट टाकीवरून वेगळी घ्यायला सोसायटीला सांगा. तोवर तुमच्या लाईनवर प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे दाब उतरवून ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा व्हॉल्व्ह, बसवून तो दोन किलोवर लावून घ्या. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर कचरा अडकून व्हॉल्व्ह निकामी होतो. दाब उतरला की धाडकन आवाजही कमी होईल. उरला, तर पाईपचे सैल क्लॅम्प आवळून घ्या.

गीझरच्या व्हॉल्व्हखाली वाटी ठेवा. पंधरा लिटर पाणी तापले की फुगून जवळपास पाव लिटर वाढते. तापताना तेवढेच थेंब पडून थांबले, तर व्हॉल्व्ह आपले काम करतोय. दिवसभर गळत असेल, तर दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब झालाय. पण त्याचे तोंड कधीही बंद करू नका, दाब आत कोंडून गीझर फुटू शकतो. एका घरात तिथे लाकडी गुट्टी ठोकलेली मी पाहिली. गीझर बंद करून, तो पुरता गार होऊन गुट्टी निघेपर्यंत मी घरातल्या कुणालाही न्हाणीत पाऊल टाकू दिले नाही.