गोळी चुकाऱ्यावर टाकू नका

‘ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, वय ५२. पोळ्याच्या आठवड्यात हार्ट अटॅक आला. नागपूरला नेलं, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. घरी आल्यापासून सारं काम सुनेवर पडलं. ती करते, पण तोंड वाकडं करून. दिवसातून चारदा “आई, गोळी घेतली का?” असं खेकसते. मी “हो” म्हणून मोकळी होते. दोन गोळ्या तर आठ दिवसांपूर्वीच संपल्या, कापसाचा चुकारा झाला, म्हणजे विकल्याचे पैसे हातात आले, की आणू, आधीच माझ्यापायी खूप पैसा गेला. मालक बिचारे एका शब्दानं बोलत नाहीत. रात्री झोप नाही, उगाच रडू येतं. वेचणी सुरू आहे आणि मी खाटेवर. सुनेशी कसं वागू?’

बाई, सुनेचं मागाहून बघू. आधी उठा, त्या दोन गोळ्यांची रिकामी पाकिटं शोधा, सुनेच्या हातात द्या आणि सांगा, ‘मी आठ दिवस तुझ्याशी खोटं बोलले.’ आज. ती शेतात असेल तर तिला बोलावून घ्या.

त्या दोन गोळ्या कोणत्या, हे तुम्ही लिहिलं नाही. डिस्चार्ज कार्ड काढा. ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५, किंवा क्लोपिडोग्रेलऐवजी दिवसातून दोनदा टिकाग्रेलॉर ९० असं लिहिलेलं असेल, तर स्टेंट उघडा ठेवणाऱ्या गोळ्या याच. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्ताला ती परकी वाटते, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक पेशी, तिला चिकटायला धावतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्या जाळीवर हळूहळू चढतं, त्याला महिने लागतात, आणि औषध लावलेल्या स्टेंटवर ते आणखी सावकाश चढतं. तोवर गुठळी होऊ न देण्याचं काम या गोळ्या करतात. अटॅकनंतर साधारण वर्षभर त्या दोन्ही मिळून चालू ठेवायच्या असतात, पुढचं डॉक्टर ठरवतात. तुमचे तीन महिनेसुद्धा धड झालेले नाहीत. गोळी बंद असताना काही दुखत नाही, खुपत नाही, म्हणून वाटतं की तिच्यावाचून भागतंय. पण जाळीत गुठळी झाली की नळी एकदम बंद होते आणि थेट दुसरा अटॅक येतो, बहुतेक वेळा मोठा. आणि नागपूर तुमच्या गावापासून तेवढंच लांब आहे.

खर्चाचं म्हणाल, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मिळून महिन्याला बीटी कापसाच्या बियाण्याच्या एका पाकिटाएवढेही पैसे लागत नाहीत. जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं असेल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पुढच्या औषधांचं विचारा. आणि मला सांगा, तुमच्या घरी फवारणीचं औषध कृषी केंद्रातून उधारीवर येतं की नाही? पराटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी पडली तर चुकाऱ्याची वाट बघता का? पराटीसाठी उधारी चालते आणि बाईसाठी चालत नाही, हा हिशेब तुम्ही स्वतःच मांडलात. याचं मी कौतुक करणार नाही. मालक एका शब्दानं बोलत नाहीत, खरं आहे. गोळ्या संपल्या का, हेही ते एका शब्दानं विचारत नाहीत. विचारते ती सून. खेकसून विचारते, पण घरात तेवढी एकच विचारते.

आज गोळ्या आणून गप्पपणे पुन्हा सुरू करायच्या, असंही करू नका. राहिलेल्या भरून काढायला दोन-चार एकदम घेऊ नका. आजच फाइल घेऊन तालुक्याच्या फिजिशियनकडे किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा, किती दिवस खंड पडला ते खरं सांगा, ईसीजी काढायला लावा. सुरुवात किती गोळ्यांनी करायची ते डॉक्टर ठरवतील. सोबत सुनेला न्या. छातीवर दाब, जबडा किंवा दोन्ही खांद्यांमध्ये पाठ दुखणं, घाम, दम, मळमळ यातलं काहीही वाटलं तर तो गॅस समजून ओवा खात बसू नका, १०८ ला फोन लावा. बायकांचा अटॅक असाच ‘गॅस’च्या नावाखाली घरात रात्र काढतो. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, लिहून दिली असेल तर आधी बसा आणि मग जिभेखाली ठेवा, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडाल.

अंग दुखतं म्हणून किराणा दुकानातली लाल-पिवळी गोळी घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा हृदयाला घातक, आणि ॲस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव करणाऱ्या. पोटात आग होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मनानं ओमेप्राझोल घेऊ नका, ती क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करते.

झोप न लागणं आणि रडू येणं अटॅकनंतर पुष्कळांना होतं. त्यावर औषध आहे, त्याच डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

खाटेवर पडून राहायलाही कोणी सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी ‘चाला’ म्हटलं की सपाट रस्त्यानं १० मिनिटांपासून सुरू करा, सकाळी कोवळं ऊन पडल्यावर, जेवणानंतर लगेच नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना दम लागला तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या. वेचणीला जायचं की नाही ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून डॉक्टर सांगतील. कापसाचं गाठोडं मात्र यंदा डोक्यावर घ्यायचं नाही, कोणी कितीही हिणवलं तरी.

सुनेशी कसं वागायचं? गोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात द्या. कोणत्याही पाकिटात दहा गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट घरात आलेलं असेल, हे तिनं बघायचं आणि पैसे मालकांनी द्यायचे. ती खेकसली तर तोंड उघडून गोळी दाखवा. बाकीची भांडणं गोळ्या सुरू झाल्यावर मला लिहा.